घसारा

(द्वितीय वर्ष, कला)

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर 'घसारा' हा शब्द लिहिला, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी तो वहीत उतरवून घेतला आणि पुढच्या ओळीची वाट पाहिली. मी मात्र तिथेच अडकले. स्थूल राष्ट्रीय उत्पन्नातून घसारा वजा केला की निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न उरते, असे सर सांगत होते. यंत्र वापरले की झिजते. ही झीज डोळ्यांना दिसत नाही, तिचे बिल रोज येत नाही, पण ती रोज होत असते. म्हणून शहाणा कारखानदार दरवर्षी काही रक्कम बाजूला काढून ठेवतो. सर राष्ट्राविषयी बोलत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमच्या दारातली पांढरी गाडी उभी राहिली.

ही गाडी म्हणजे आमच्या घराचा कारखाना. आमचे गाव राहाता तालुक्यात. आण्णा, म्हणजे माझे वडील, चौथी शिकलेले. बरीच वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. २०१८ हे साईबाबांच्या समाधीचे शताब्दी वर्ष. शिर्डीत भाविकांची रीघ लागली होती. त्याच वर्षी आण्णांनी कर्ज काढून २०१२ सालची एक जुनी डिझेल गाडी घेतली. पिवळी पाटी, पुढच्या काचेवर साईबाबा, मागच्या काचेवर माझे आणि धाकट्या भावाचे नाव. शिर्डीहून भाविकांना शनिशिंगणापूरला न्यायचे आणि संध्याकाळी परत आणून सोडायचे, हे तिचे मुख्य काम. जायला सुमारे सत्तर किलोमीटर: राहाता, बाभळेश्वर, कोल्हार, राहुरी, सोनई आणि मग शिंगणापूर. नगर-मनमाड रस्ता ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या रस्त्याचे वर्णन सांगण्याची गरज नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून सरकताना गाडीचा आणि माणसाचा, दोघांचाही दम निघतो.

आता मूळ गोष्टीकडे येते. गेल्या वर्षी एप्रिलअखेर माझे पहिल्या वर्षाचे पेपर संपले. सोनईला माझी आत्या राहते. आण्णांना शिंगणापूरची फेरी होती आणि प्रवासी तिघेच होते: हैदराबादकडचे एक जोडपे आणि त्यांची म्हातारी आई. "मुलगी आहे माझी, वाटेत सोनईला उतरेल," असे त्यांना हिंदीत विचारून आण्णांनी मला पुढच्या सीटवर बसवले. फेरीचे भाडे अठराशे, ए.सी. लावला तर बावीसशे. त्यांनी बावीसशे कबूल केले होते.

कोल्हारपर्यंत सारे ठीक चालले. राहुरीजवळ वाहने तुंबली आणि गाडी उभी राहिली. पाचच मिनिटांत जाळीतून येणारी थंड हवा कोमट झाली, मग गरम. आण्णांनी बटण दोनदा खालीवर केले. काचा उघडल्या तर बाहेरून धूळ आणि झळ आत आली. म्हातारीला मळमळायला लागले. आण्णा उतरले, तिला कडेच्या लिंबाखाली बसवले, पाणी दिले आणि वर्तमानपत्राने वारा घालू लागले. तिचा मुलगा रागाने काहीतरी बोलला. पन्नाशीचा माझा बाप मान खाली घालून "सॉरी साब, सॉरी साब" म्हणत होता. फेरी संपल्यावर त्यांनी चारशे रुपये परत केले, हे मला नंतर आईकडून कळले. "ए.सी. दिला न्हाई तर ए.सी.चे पैसे कशे घ्यायचे?" एवढेच ते तिला म्हणाले होते.

खरे सांगायचे तर त्या दिवशी मला आण्णांची कीव आली नाही, राग आला. दुरुस्ती का करत नाहीत? रोज उद्यावर का ढकलतात? उत्तर सोपे होते. तालुक्याच्या गावी एका मोठ्या दुकानात गाडी दाखवून झाली होती. त्यांनी बॉनेट उघडले, इंजिन चालू करायला लावले आणि सांगितले, "कॉम्प्रेसर गेला. कॉम्प्रेसर, ड्रायर, गॅस, मजुरी धरून बावीस हजार." बावीस हजार रुपये! गाडी विकली तर लाखाच्या आसपास येतील. म्हणजे गाडीच्या एक पंचमांश किंमत नुसत्या गार वाऱ्याला.

दुसरीकडे, ए.सी.शिवाय धंदा होईना. पूर्वी प्रवासी मिळेल ती गाडी धरत. पण १ ऑक्टोबर २०१७ ला काकडीचा विमानतळ सुरू झाला, ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत गाडी येऊ लागली. थंडगार विमानातून आणि रेल्वेतून उतरलेला भाविक खिडकीची काच खाली करून शिंगणापूरला जायला तयार होत नाही. त्यात त्याची चूक तरी काय?

तर 'घसारा' शिकले त्या रात्री मी आण्णांची खाकी पिशवी काढली. आण्णा प्रत्येक पावती जपून ठेवतात, पण बेरीज कधी करत नाहीत. मी दोन वर्षांच्या पावत्या जमिनीवर मांडल्या आणि त्यांतून फक्त विजेचा आणि ए.सी.चा खर्च वेगळा काढला. बॅटरी ५,२०० रुपये. अल्टरनेटरची दुरुस्ती ३,६००. स्टार्टर २,८००. हेडलाइटचे बल्ब आणि रिले ९००. ए.सी.चा गॅस दोनदा, मिळून ३,७००. काच वरखाली करण्याची मोटर १,४५०. हॉर्न ३५०. एकूण १८,००० रुपये! टायर, ब्रेक, ऑइल, विमा, पासिंग हे सगळे यात नाही.

मी वहीत तक्ता केला. एका बाजूला गाडीची आजची किंमत, दुसऱ्या बाजूला खर्च. अर्थशास्त्रात बुडीत खर्च नावाची एक कल्पना आहे: जो पैसा गेला तो गेला, त्याच्या मोहाने आणखी पैसा घालू नये. मी तो तक्ता घेऊन आण्णांपुढे बसले आणि सांगितले, "गाडी विका. ही गाडी आपल्याला खातेय. तुम्हाला हिशोबच कळत नाही, म्हणून तुम्ही तिला धरून बसलाय."

आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी वही हातात घेतली, पानावरून बोट फिरवले आणि वही परत दिली. मग उठून गाडीवर प्लॅस्टिक झाकायला बाहेर गेले. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "शिकवलं म्हणून बापाला हिशोब शिकवाया लागलीस व्हय गं?" त्या रात्री मी जेवले, पण घास गोड लागला नाही. माझी बेरीज चुकली नव्हती. तरीही काहीतरी चुकले होते.

काय चुकले ते कळायला ऑक्टोबर उजाडावा लागला. मी आत्याकडे गेले होते, परतीच्या फेरीत आण्णांनी मला घेतले. गाडीत प्रवासी नव्हते. अंधार पडला तसे हेडलाइट पिवळट, मिणमिणते वाटू लागले. कोल्हारच्या अलीकडे चहाला थांबलो आणि नंतर किल्ली फिरवली तर स्टार्टर नुसता टक् टक् करू लागला. बॅटरी तर वर्षभरापूर्वीचीच होती! आण्णांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकले. मला वाटले, आता हे म्हणणार, "विकू बाई तुझी गाडी." पण ते म्हणाले, "चाचाचं दुकान पुढंच हाय. ढकल जरा."

चाचांचे दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, दारात जुन्या बॅटऱ्यांचा ढीग आणि आत एक बल्ब. चाचा साठीचे असावेत. त्यांनी बॉनेट उघडले, पण कुठल्याही भागाला हात लावला नाही. आधी आण्णांना प्रश्न विचारले. ए.सी. कधी बंद पडतो? उभ्या गाडीत की पळत्या? लाइट कमी होतात ते हॉर्न वाजवल्यावर की नेहमीच? आण्णांनी सांगितले, "पळत्या गाडीत ए.सी. गार मारतो. उभी राहिली की संपलं." चाचा हसले. "फिर कॉम्प्रेसर कैसा गया? गेलेला कॉम्प्रेसर पळत्या गाडीत कसा चालंल?"

मग त्यांनी एक जाड वायर घेतली. तिचे एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला लावले, दुसरे थेट इंजिनाच्या लोखंडाला. "मार किल्ली." गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली! हेडलाइट पांढरेशुभ्र पडले. मी थक्क झाले. चाचांनी मला मीटर धरायला दिला. "कॉलेजला जाती ना? वाच आकडा." ती जादा वायर काढली, दिवे आणि पंखा चालू ठेवले, आणि मीटरची एक तार बॅटरीच्या वजा टोकाला, दुसरी गाडीच्या पत्र्याला टेकवली. मी वाचले, "एक पॉइंट नऊ." चाचा म्हणाले, "इथं शून्याच्या जवळ पाहिजे. दोन व्होल्ट वाटेतच गायब!"

मोटारीत विजेची एकच वायर दिव्यापर्यंत जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. त्या पत्र्याला बॅटरीशी जोडणारी जी जाड पट्टी असते, तिला हे लोक 'अर्थ' म्हणतात. आमच्या गाडीची ती पट्टी बॅटरीखाली ॲसिडने आणि गंजाने खाल्ली होती. दहावीत ओहमचा नियम पाठ केला होता: दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. पंखा दहा अँपिअर ओढत असेल आणि गंजलेल्या सांध्यात नुसता शून्य पूर्णांक दोन ओहम रोध असेल, तर दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. पेपरात मी हे गणित सोडवले होते. ते आमच्याच दारात उभे आहे हे मला ठाऊक नव्हते.

आणि ए.सी.? आपला माठ ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर ए.सी. चालतो. माठातून झिरपलेले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार राहते. ए.सी.मध्ये पाण्याऐवजी गॅस असतो, आणि तो उडून जाऊ न देता पुन्हा पकडून दाबला जातो. पूर्वी हा गॅस आर-१२ होता. तो आकाशातल्या ओझोनच्या थराला मारक ठरला, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगभर हळूहळू बाद झाला आणि मोटारीत आर-१३४ए आला. दाबलेल्या गॅसची उष्णता पुढच्या जाळीतून बाहेर पडते, आणि गाडी उभी असताना त्या जाळीवर वारा घालणे हे पंख्याचे काम. आमच्या पंख्याला पुरेशी वीजच मिळत नव्हती. तो मरगळल्यासारखा फिरे, जाळी तापे, गॅसचा दाब वाढे आणि दाबाचा सुरक्षा-स्विच कॉम्प्रेसर बंद करी. पळत्या गाडीत समोरचा वारा पंख्याचे काम करी, म्हणून ए.सी. गार वाटे. राहुरीत त्या म्हातारीला जो त्रास झाला, त्याचे मूळ हातभर लांबीच्या एका गंजक्या पट्टीत होते.

गॅस दोनदा का भरावा लागला, तेही चाचांनी सांगितले. टाळेबंदीत शिर्डीचे मंदिर १७ मार्च २०२० पासून १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत बंद होते आणि पुन्हा ५ एप्रिल २०२१ पासून ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. मंदिर बंद म्हणजे आमची गाडी लिंबाखाली उभी. ए.सी. चालू असला की गॅसबरोबर थोडे तेल फिरते आणि रबराच्या कड्या ओल्या राहतात. महिनोन्‌महिने बंद राहिला की त्या वाळतात, चिरतात, आणि मग गॅस हळूहळू निसटतो. आम्ही गळती न बुजवता वरून गॅस भरत होतो. फुटक्या रांजणात पाणी ओतल्यासारखे.

शाळेच्या सहलीत आम्हाला नगरचे रणगाडा संग्रहालय दाखवले होते. १९९४ साली सुरू झालेले हे संग्रहालय आपल्या जिल्ह्याचा अभिमान आहे. तिथे रोल्स-रॉइसची जुनी चिलखती गाडी सुद्धा आहे. ती उभी आहे म्हणून टिकली, असे तेव्हा मला वाटले होते. आता वाटते, उभी राहून कोणतीच गाडी टिकत नाही. कुणीतरी तिच्याकडे रोज बघते म्हणून ती टिकते.

चाचांचे बिल असे झाले: अर्थच्या दोन पट्ट्या ३००, पंख्याचा कनेक्टर आणि रिले ४५०, कड्या बदलून गॅस १,९००, मजुरी ७००. एकूण ३,३५० रुपये. कुठे बावीस हजार आणि कुठे हे! मजुरीचा आकडा ऐकून मात्र आण्णा कुरकुरले, "चाचा, नुसतं बघायचं सातशे?" चाचा म्हणाले, "बेटा, बदलायला कुणीबी बदलतो. शोधायचं पैसं घेतो मी."

हे वाक्य माझ्या मनात घर करून बसले. त्या मोठ्या दुकानदाराला मी लबाड म्हणणार नाही. त्याला भाग विकल्याचे पैसे मिळतात, शोधल्याचे मिळत नाहीत. मग तो शोधेल कशाला? आणि आपण गिऱ्हाईकही तसेच. नवा डबा हातात मिळाला की आपले पैसे वसूल झाले असे वाटते. स्टार्टर, अल्टरनेटर, बल्ब या पावत्या आम्ही अशाच जमवल्या. बॅटरी जुनीच होती, ती कधीतरी जाणारच होती. पण बाकीच्या खर्चातला किती त्या एका पट्टीने ओढवला, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

परतताना आण्णांनी ए.सी. लावला. ऑक्टोबरची रात्र, तशी गरज नव्हती. बाभळेश्वरच्या चौकात गाडी थांबली, तरी वारा गारच येत राहिला. मी म्हणाले, "आण्णा, त्या दिवशी मी बोलले ते चुकले." ते म्हणाले, "न्हाई. बेरीज बरोबर व्हती तुझी. मलाबी ठावं हाय गाडी म्हातारी झाली. पर विकून नवी घ्यायची तर पुन्हा हप्ता. आन् हप्ता म्हंजी तुमच्या दोघांच्या शाळा-कॉलेजातनं काढायचा. म्हून ढकलत व्हतो." मी खिडकीकडे तोंड केले. माझ्या तक्त्यात गाडीची किंमत होती, दुरुस्तीचा खर्च होता. ही ओळ नव्हती.

पण मित्रमैत्रिणींनो, मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि माझा मुद्दा मी पुरता सोडलेला नाही. चाचांनी जाताना बजावले होते, "कॉम्प्रेसर थकलाय. एक-दोन उन्हाळे काढील." म्हणजे बावीस हजारांचे संकट टळलेले नाही, लांबले आहे. आमच्या घरी प्रत्येक दुरुस्ती 'अचानक' येते, आणि अचानक आली की सावकार किंवा सोनार आठवतो. खरे तर अचानक काहीच येत नाही. प्रत्येक फेरीत ती थोडी थोडी येत असते; आपण तिला भाड्यातून वेगळी काढत नाही, इतकेच. आण्णा डिझेल वजा करून उरलेल्या पैशाला कमाई समजत होते. ती स्थूल कमाई होती, निव्वळ नव्हे.

म्हणून मी पत्र्याचा एक जुना डबा घेतला आणि त्यावर रंगाने 'घसारा' असे लिहिले. दर फेरीमागे दीडशे रुपये त्यात टाकायचे. महिन्याला अठरा फेऱ्या धरल्या तर सत्तावीसशे, वर्षाला बत्तीस हजार चारशे. आईने विचारले, "आन् फेरीच न्हाई झाली तर?" मी म्हणाले, "फेरी नाही तर झीजही कमी." टाळेबंदी आठवून मी जरा अडखळले, पण आईने ते सोडून दिले.

आण्णांनी डबा हातात घेऊन अक्षरे लावून वाचले, "घ-सा-रा." मला वाटले, अर्थ सांगावा लागेल. पण ते म्हणाले, "शब्द पुस्तकातला दिसतो, पर माणूस वळखीचा हाय." आणि पहिले दीडशे त्यांनी स्वतः टाकले.

हे लिहिते आहे तोवर डब्यात चार हजार सहाशे पन्नास रुपये जमले आहेत, म्हणजे एकतीस फेऱ्यांचे. मध्ये दोनदा आण्णा टाकायला विसरले, एकदा आईने दळणाला काढले; दोन्ही वेळा मी वसुली केली. कॉम्प्रेसर अजून चालू आहे.

परवा रात्री आण्णा फेरीहून आले. गाडीतून उतरताना एक हात दाराला आणि एक कमरेला. मी डबा पुढे केला. त्यांनी दीडशे टाकले, झाकण लावले आणि सहज विचारावे तसे विचारले, "कमरेच्या घसाऱ्याचा डबा कुठं ठिवायचा, बाई?"

सरांनी ते अजून शिकवलेले नाही. मी त्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि चहा ठेवायला आत गेले.